झाकणाला चिकटलेला तुकडा

उधना, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कानाला यंत्र लावत नाही, म्हणून फोनऐवजी हे पत्र. औषध कंपनीत सात वर्षं उंदरांचे अवयव मेणात बसवून कागदाहून पातळ कापले. आता महिनाभर दवाखान्याच्या लॅबमध्ये माणसांचे तुकडे कापतेय. काम तेच. पण तिथे काप फाटला तर दुसरा उंदीर असायचा. इथे माणूस एकच.

लॅबचे प्रमुख डॉक्टर प्रशांत पहिल्याच दिवशी म्हणाले होते, उंदीरवाल्यांचा हात इथे चालतो का ते बघू. परवा बघितलं त्यांनी. नवागामच्या एका यंत्रमाग कारागिराच्या पोटातून दुर्बिणीने काढलेला तुकडा आला, तर बाटलीत नुसतं पाणी. सोबतची सोनाली बाटली रिकामी म्हणून परत पाठवत होती. म्हणजे बिचाऱ्याने पुन्हा नळी गिळायची. मला उंदरांच्या खसखशीएवढ्या ग्रंथी शोधायची सवय. झाकण उलटं केलं. तुकडा आत चिकटलेला. त्यातच कॅन्सर सापडला, अगदी सुरुवातीचा. सरांनी मला त्याच दिवशी नोकरीत कायम केलं.

आईला नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती राहू द्या.

तुमची नूतन

पारोळा
१० फेब्रुवारी

चि. नूतनला अनेक आशीर्वाद.

पत्र गावभर वाचून दाखवलं. लेक उंदरं कापते हे सांगताना मी चाचरायचो, ते संपलं.

एक गोष्ट लपवली आहे. जिभेच्या कडेला तीन महिन्यांपासून जखम आहे. धुळ्याच्या डॉक्टरने तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. मी भ्यालो, तुझ्या आईलाही बोललो नाही. आता वाटतं, पोरीच्याच हाती जाणार असेल तर जाऊ दे. सोमवारच्या गाडीने येतो. रागावू नको.

तुझा नाना, निंबा

उधना
२७ फेब्रुवारी

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

आईला फोनवर सांगितलंय, तरी तुम्हाला माझ्या अक्षरात हवं असणार. कॅन्सर नाही. तुटक्या दाताच्या घासण्याने झालेली जखम आहे. दात काढा आणि तंबाखू सोडा, तपासणाऱ्या डॉक्टरांनीच लिहिलंय.

तुमचा तुकडा दुसऱ्या कुणाला कापायला देऊ का, असं सरांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. कापताना हात जराही हलला नाही. रिपोर्टचा कागद मात्र मला उघडवेना, तेव्हा सोनालीने तो वाचून दाखवला.

आशीर्वाद असू द्या.

तुमची नूतन