करंड्यातलं मेण

११ फेब्रुवारी १९६३, अकोट

शालूच्या दातांना तार बसली! माझा लेक भगवंता नातीला आणि सूनबाई सुभद्रेला घेऊन अमरावतीहून सांजच्या मोटारीनं परतला. पोरगी तोंडावर रुमाल धरूनच उतरली. म्हटलं, दाखव तर. दाखवलं — बापा! वावराला काटेरी कुंपण घालावं तसं! "आजी, हसू नको न," म्हणाली. अन् स्वतःच हसायला गेली तर तार गालात रुतली. डोळ्यांत टचकन पाणी.

दात पुढे म्हणून शाळेतल्या पोरी तिला 'फावडं' म्हणतात. पोर हसताना तोंडावर हात आडवा धरते. म्हणून भगवंतानं तारेचं काढलं तेव्हा मीही हो म्हटलं. नाही तर देवानं दिलेल्या दाताला माणसानं वेसण कशाला घालायची?

डॉक्टरनं मेणाची कांडी दिली आहे. तार रुतते तिथं चिमूटभर चिकटवायचं. सुभद्रा सांगायला बसली — डॉक्टर असं म्हणाले, तसं म्हणाले. मी म्हटलं, बाई, मेण काय मी आज पाहून राहिले? आधी ताटं घे, सारे उपाशी आहेत.

१९ फेब्रुवारी

मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकर. पोरगी रुळते आहे.

२ मार्च

कांडी संपली. शालू रडकुंडीला आली. भगवंता म्हणतो, डॉक्टरची पुढची तारीख येईल तेव्हा आणू. तोवर पोरीनं गाल फाडून घ्यायचा? मी म्हटलं, मेणासाठी अमरावती कशाला पाहिजे? माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे की! मेळघाटातली कोरकू बाई बाजारात मधाच्या पोळ्याचं मेण आणते. ते खोबरेलात कढवून मी ठेवते. जन्मभर त्याच मेणावर कुंकू लावलं, कधी कपाळ चुरचुरलं नाही. बोटानं उकरलं, गोळी केली, तारेवर बसवली. कुंकवानं जराशी लाल झाली होती, पण दातावर कोण पाहायला येतं?

"आजी, खोबऱ्याचा वास येऊन राह्यला!" म्हणाली. टोचणं थांबलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा — दुसरं काय!

९ मार्च

जेवायच्या वेळी शालू मेण काढते अन् फेकायला जाते. मी फेकू देत नाही. मधमाशीनं फुलाफुलावर हिंडून केलेलं ते! परत मळायचं, करंड्यात ठेवायचं, हात धुतले की पुन्हा लावायचं. सकाळी माझ्या कपाळाला, मग तिच्या दाताला. एका करंड्यात आजी-नातीचं भागतं. मला तर गंमतच वाटते. सुभद्रा उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. दूध उतू जाईल म्हटलं, तशी गेली.

२१ मार्च

शालूचा डावा गाल सुजला. उष्णता असेल. तुरटीच्या गुळण्या, वरून हळदीचा लेप. तार टोचू नये म्हणून मेण जरा जास्तच लावलं.

२४ मार्च

ताप. तोंड उघडत नाही. जबड्याखाली हात लावला तर दगड! थुंकी गिळताना मान वाकडी करते बिचारी.

तिच्या तोंडाला एक वास येतो. सकाळी कपाळाला मेण लावताना बोट नाकाजवळून गेलं — तोच वास. पुन्हा पाहिलं. तोच. बोट तसंच धरून बसून राहिले. हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाही.

२५ मार्च, अमरावती

दर्यापूरवरून मोटारीनं आलो. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला पोरगी कण्हत होती. शेवटी शेवटी कण्हणंही थांबलं, तेव्हा तिच्या नाकाशी बोट धरून बसले.

दवाखान्यात नेल्याबरोबर हनुवटीखाली चिरा दिला. केवढा तरी पू निघाला. मग डॉक्टर बाहेर आले. चिमट्यात मेणाची गोळी. "हे मी दिलेलं नाही. हा लाल रंग कशाचा?"

भगवंता सुभद्रेवर फिरला — "तुले अक्कल नाई काय? लक्ष कुठं होतं तुयं?" ती मान खाली घालून उभी. अन् मी तिच्या शेजारी! माझ्या कपाळावर तेच मेण, तेच कुंकू, साऱ्या जगाला दिसेल असं. नाही बोलले मी. नाही बोलले!

२६ मार्च

सकाळी डॉक्टरला गाठून सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देईल. भला माणूस, खोलीत घेऊन गेला. तिथं नळीचं यंत्र होतं. त्या गोळीतला कण काचेवर ठेवला अन् म्हणाला, "डोळा लावा, आजी." आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. वळवळ, नुसती वळवळ! मोहोळ उठावं तसं — पण आवाज नाही.

"हे जंतू. थोडे सगळ्यांच्याच तोंडात असतात. पण जुन्या मेणात अन्नाचे कण अडकले, ऊब मिळाली, बोटांवरचे आणखी येऊन मिळाले. त्यांना घरच सापडलं. म्हणून जुनं टाकून रोज नवं लावायचं असतं."

"पोळ्याचं मेन तं शुद्ध असते न जी?" मी विचारलं.

"मेण असेल, आजी. पण बोट?"

भगवंतालाही सांगितलं. "तू होय, माय?" एवढंच म्हणाला अन् खिडकीकडे तोंड केलं. बायकोवर ओरडला तसा माझ्यावर ओरडला असता तर बरं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाजवळ रडू?

२८ मार्च

पेनिसिलिनच्या सुया चालू आहेत. ताप हटत नाही. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडेल, म्हणतात.

आजही कपाळाला मेण लावलं नाही. लावूच शकले नाही. कोरडं कुंकू टेकवलं तर ते नाकावर सांडलं. शेजारच्या खाटेवरची माणिकबाई — तिला काय माहीत — म्हणाली, "अवो बाई, कुकू सांडलं, त्याच्यासाठी रडता काहून?"

या हातांनी पोरीला न्हाऊमाखू घातलं. पहिला घास भरवला. अन् याच हातांनी! दुश्मनानं केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

२९ मार्च

सुभद्रा लेकीच्या उशाशी बसून असते. मी पायथ्याशी. पाय चेपायला हात पुढे केला अन् मागे घेतला. शिवायचीच भीती वाटते.

३१ मार्च

श्वासाला घरघर लागली आहे. देवा, मला ने. हिशेब तोच राहील, माणूस तेवढं बदल.

४ एप्रिल

ताप उतरला! चमच्यानं पाणी प्याली.

तार काढून टाकली. मुळाशी पू झालेले दोन दात होते, तेही गेले. चिऱ्याचा वण राहीलच म्हणाले. शालूनं आरसा मागितला. मी म्हटलं, इथं कुठला आरसा?

"आजी, आता कशी दिसतो मी?"

"लय छान दिसतं."

"खोटं नको बोलू न." भिंतीकडे वळली. मग पुष्कळ वेळ पाठ हलत होती. पोर वाचली, अन् मला धड आनंदसुद्धा होत नाही.

८ एप्रिल, अकोट

घरी आलो. करंडा राखेनं घासत होते. सुभद्रा समोर येऊन बसली.

"आत्याबाई, मले मालूम होतं. जुनं मेन फेकाचं, हे डॉक्टरनं मलेच सांगतलं होतं. तुमी करंड्यात ठेवून राहिल्या, तेबी मी पाहत होती."

मी म्हटलं, "अवो, पोटची लेक तुयी! मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमाले कोन सांगनार?"

घरात माझा शब्द कोणी खाली पडू देत नाही — हे मी साऱ्या गल्लीत किती कौतुकानं सांगत आले!