माकडानं पिशवी सोडावी म्हणून

आदरणीय रामकिसनमामा,

सप्रेम जय भीम. मामीच्या गुडघ्याला नवं तेल मानवलं का? इकडं सगळे ठणठणीत. मी तर काल संध्याकाळपासून जमिनीवर चालतच नाय.

तुम्ही म्हणाला होतात, "प्रेरणे, स्पॅनिश शिकून चितेगावच्या कंपनीत कुणाशी बोलशील?" मामा, बोलले! वेरूळच्या लेण्यांत, अख्ख्या स्पेनशी (म्हणजे एका बसभर म्हाताऱ्यांशी). टूरवाल्या सुदर्शन सरांनी बजावलं होतं, आजची सहल जमली तर नोकरी पक्की, नाय तर घरी बसायचं.

मला सांगायचं होतं, माकडांनी नेऊ नयेत म्हणून पिशव्या सांभाळा. स्पॅनिशमध्ये 'म्हणून' आलं आणि करणारा बदलला, की क्रियापद रूप पालटतं. गडबडीत मी ते पालटलंच नाय, वर 'नयेत' पण गिळलं. वाक्य झालं, "माकडं न्यायला पिशव्या सांभाळा." एका आजोबांनी बिचाऱ्यांनी लगेच माकड भरायला पिशवीची चेन उघडून धरली! (देवमाणूस.) तेवढ्यात एका माकडानं रेमेदिओसबाईंची पिशवी पळवली. बाई निवृत्त भाषाशिक्षिका, पासपोर्ट पिशवीत. हा कल्ला! सरांचा चेहरा चुन्यासारखा.

आणि मामा, तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, आपल्या मराठीतही हेच की! मीच खाणार तर 'खायला'. दुसऱ्यानं खावं असं वाटलं तर 'खावं म्हणून'. केळं उंच धरून मी ओरडले, "ले दोय उन प्लातानो पारा के सुएल्ते ला बोल्सा!" म्हणजे, त्यानं पिशवी सोडावी म्हणून मी केळं देते. 'सुएल्ता' नाय हां, 'सुएल्ते'!

पिशवी धपकन खाली पडली, पण बाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाय. "सुएल्ते! सुएल्ते!" करत मला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना त्यातलं अक्षर कळलं नाय, तरी सगळ्यात जोरात त्यांच्याच टाळ्या. म्हणाले, "उद्यापासून कामावर ये."

तुमची भाची,
प्रेरणा (स्पॅनिश गाईड)

ता. क. हे पत्र तुम्ही वाचावं म्हणून नाय, आईला वाचून दाखवावं म्हणून लिहिलंय. रविवारी ती सिल्लोडच्या पाहुण्यांना मला बघायला बोलावतेय, आणि त्याच दिवशी माझा नवा ग्रुप आहे. त्यांनी येऊ नये म्हणून काय करायचं ते बघा. ती तुमचंच ऐकते.

आणखी एक. पिशवीत खायला काहीच नव्हतं, म्हणून माकडानं ती मी तोंड उघडायच्या आधीच टाकली होती. एवढं मात्र आईला वाचून दाखवू नका.