शॅरनच्या न्हाणाचं पाणी

६ नोव्हें.
आजही डाळ शिजली नाही. दुकानदाराला नावं ठेवून झाली, कुकरचं रबर बदलून झालं. शेवटी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. मचूळ. थुंकणार होते, पण गिळलं. आपल्याच घरचं पाणी.
या घरात नवी आले तेव्हा सासूबाईंनी हातात दिलेला पहिला तांब्या याच विहिरीचा. गल्लीत कुणी आजारी पडलं की आमच्याकडची कळशी जायची. आणि आता लेकीचं, शॅरनचं लग्न दोन महिन्यांवर, तर हे.

९ नोव्हें.
जॉनच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. नेहमी म्हणायचे, "बावखल हाय म्हनून विहीर हाय. वरून गोडं पानी मुरते, ते खाऱ्याला खाली दाबून ठेवते."
पावसात बावखल, आमच्या वाडीतलं तळं, काठोकाठ भरायचं. मग त्याच पाण्यावर केळी, पानवेल. शॅरन कमरेला सुके नारळ बांधून त्यातच पोहायला शिकली. मी काठावरून ओरडायची, ती कधी ऐकायची नाही. माडाच्या झावळीवर खंड्या. रात्री बेडूक असे ओरडायचे की पाहुण्यांना झोप नाही.
गल्लीत प्रत्येक वाडीत बावखल होतं. आता आमचंच उरलं, बाकीच्यांवर बिल्डिंगी. शेजारच्या विहिरीवर पंप, दिवसभर टँकर भरतात. आणि समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. गोडं उपसलं की तो आत येणारच, त्याला कोण अडवणार. फार आठवण येते जुन्या वाडीची. जॉनची तर येतेच.

१६ नोव्हें., रविवार
प्रवचन: पृथ्वी हे देवानं सर्वांना दिलेलं घर, ते जपा. सगळ्यांत मोठ्यानं आमेन इनासभावजींचं. मिस्सा सुटल्यावर जॉनचा हा धाकटा भाऊ माझ्या पाठोपाठ घरी आला. चहा घेता घेता म्हणतो, बावखल बुजवून घेऊ, मंडपाला सपाट जागा होईल. डंपरवाला ओळखीचा आहे.
मी म्हटलं, विहिरीचं काय?
"वैनी, आता नळाला पानी येते. विहीर कोनाला पाहिजे?"
मला पाहिजे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवरून नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतात, ते उंबराचं पाणी कुठून आणणार? नवरीचं न्हाण नळाखाली?

३ डिसें.
मागच्या गल्लीतल्या लग्नात नेमकं तेच. विहीर कधीच बुजवलेली. बायका वाजतगाजत तिथवर गेल्या, कुणीतरी पाण्याचा जार आणून ठेवला होता, त्यातूनच घागर भरली. गाणी मात्र तीच, विहिरीची. सगळ्या हसत होत्या, मीही हसले. घरी येऊन रडले.

१३ डिसें.
साड्या घ्यायला वसईच्या बाजारात गेले होते. परत येते तर बावखलात एक डंपर रिकामा झालेला. फरशीचे तुकडे, सिमेंट, कुणाचं तरी फुटकं बेसिन. ज्या दगडावर सासूबाई कपडे धुवायच्या तो गाडला गेला. दुसरा डंपर दारात उभा होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, हातातल्या पिशव्यांसकट. ड्रायव्हर मुकाट्यानं परत गेला. भावजी भडकले. खरं तर दुखावले. त्यांचं स्वतःचं लग्न या दारातच झालेलं, पुतणीचंही इथेच व्हावं असं त्यांना फार वाटतं. ते मला कळतं.
शॅरन वालीवच्या कामावरून सुटून आली. काठावर जाऊन बघून आली. मग म्हणाली, "मंडप हॉलवर घालू काका. पण आंघोळ मी आपल्याच विहिरीच्या पाण्याने करणार."
भावजी जेवायला थांबले नाहीत.

१० जाने.
उद्या लग्न.
संध्याकाळी उंबराचं पाणी. मला वाटलं भावजी येणार नाहीत, पण आले. नवा सदरा घालून, बँडच्या पुढे. पहिली बादली त्यांनीच ओढली. घागरीत ओतण्याआधी थोडं चाखलं. बायकांची गाणी चालू होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आईच्या वेळेला असं नव्हतं."
नव्हतंच.

११ जाने., रात्री
पहाटे न्हाणीघरातून शॅ.चा आवाज, "मम्मी, साबणाला फेसच येत नाही."
नळाचं देऊ का विचारलं. नको म्हणाली. तशीच न्हाली. केस चिकट राहिले, पार्लरवाली कुरकुरली. पांढऱ्या झग्यात काय सुंदर दिसत होती पोर. पण मला आयुष्यभर त्या केसांचंच वाईट वाटत राहील.

२५ जाने.
विरारच्या सासरहून शॅ.चा फोन. त्यांच्या बिल्डिंगला टँकर लागतो. टँकरवाल्याला विचारलं तर म्हणाला, वसईवरून आणतो. कुठल्या गल्लीतून ते तिनं सांगितलं.
आमचीच गल्ली.
सकाळपासून बावखलाकडून खडखड ऐकू येतेय. भावजी गुडघाभर पाण्यात उतरून एकटेच फरशीचे तुकडे बाहेर काढतायत. चहा काठावर ठेवून आले. निम्मंही निघालेलं नाही. पावसाळ्याआधी निघेल का, निघालं तरी विहीर पुन्हा गोड होईल का, कोण सांगणार.
डाळ लावलीय, विहिरीच्या पाण्यात. भावजी आज जेवायला थांबतो म्हणाले. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला. कुकरची वाफ अजून उतरायचीय.