सालपट, सातवा ट्रॅक

१० जानेवारी, शनि.
'सालपट', माझी रॅपची टेप, काल नेटवर चढवली. नऊ ट्रॅक, सव्वीस मिनिटं. चटई कंपनीतली शिफ्ट सांभाळून तीन वर्षं लागली. पप्याचा धुळ्याहून फोन. बीट बठ्ठे त्याचेच, त्यामुळे स्वतःचीच तारीफ करून घेतली. मग म्हणाला, "भो, पन सातवा भारी शे."
सातव्यात मी नाहीच. सातव्यात अक्का आहे. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीवर बायकांचं दरवर्षीचं शिव्यांचं भांडण रंगलं, इकडून आमचं गाव, तिकडून पल्याडचं, तेव्हा बाभळीमागे उभा राहून फोनमध्ये भरलेलं. समोरून कमलमावशी, अक्काची जन्माची मैत्रीण. अक्का तिला : "तुह्या घरचं वरन पातय, पाव्हना बुडाला व!" खाली पप्याचा ढोल.
स्वतःच्या आईचा आवाज, आणि आईला अजून ऐकवलेला नाही. ऐकवीन रविवारी.

१५ जाने.
पहिलं परीक्षण. पुण्याचा कुणी, फोटोत जाड काळ्या काड्यांचा चष्मा. यापुढे चष्मा म्हणेन. म्हणतो, 'सालपट' हे शोषितांच्या सोललेपणाचं रूपक आहे. अरे बाबा, पप्यानं गोडाऊनमध्ये केळ खाऊन साल तिथंच टाकली आणि मी आपटलो, म्हणून ते नाव.
पुढे : "आवाजातला कोंडलेपणा ही जाणीवपूर्वक केलेली राजकीय निवड." चटईच्या रोलांमध्ये बसून रेकॉर्ड केलं, तिथं आवाज घुमत नाही. भाडंही नाही. झाली राजकीय निवड.
तीन वेळा वाचलं. शिव्या घालत वाचलं, पण तीन वेळा.

१८ जाने., रवि.
इथल्या पेपरच्या पुरवणीत एका निवृत्त सरांचा अर्धा रकाना. "याला काव्य म्हणावे का, हा प्रश्न आहे." सरांचे स्वतःचे चार संग्रह, चारही त्यांच्याच पलंगाखाली. नाचता येईना अंगण वाकडं.
मुंबईच्या एका यूट्यूबवाल्यानं दहापैकी साडेसहा दिले. अर्धा कशाचा कापला विचारायला पाहिजे. म्हणे "अहिराणी फ्लो". मी असोद्याच्या पुढचा, आमची बोली वेगळी. पप्या बोलतो ती अहिराणी. पण ह्यांना जळगाव काय, धुळं काय, घाट ओलांडला की सगळं एकच शेत.
अक्काला ऐकवायचं राहिलं. ती शेतात होती.

१ फेब्रु.
आता चष्म्यानं सातव्यावर वेगळा लेख लिहिला. "अनामिक स्त्रीचा युगानुयुगांचा आक्रोश." "बहुधा जात्यावरची ओवी." अनामिक! नाव विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि ओवी? पाव्हणा वरणात बुडाला, ही ओवी?
त्यानं त्यातला पाऊण मिनिटाचा तुकडा कापून लेखासोबत नेटवर टाकला. तोच सगळीकडे फिरतोय. नेमका तो, जिथे अक्का म्हणते, "तुहा नवरा पयाला व कमले, चूल इझली!" कंपनीत फोरमनची रिंगटोन झाली. माझ्या आठ ट्रॅककडे कुत्रं फिरकत नाही.

८ फेब्रु.
गावी गेलो. अक्का ओट्यावर एकटीच बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, पीठ घेऊन. बिबडे ती आणि कमलमावशी मिळून करतात, मला आठवतं तेव्हापासून. विचारलं, मावशी कुठे. तिनं थापता हात थांबवला.
"मी कुठी म्हटलं होतं तुले, फोनात भर म्हनून?"
गावातल्या कुणीतरी तिला ऐकवलं होतं. मी नाही. मी रविवार मोजत बसलो.
"नदीवरचं नदीवर सोडून यायचं अस्तं. पाय धुवायचे, अन् घरी यायचं. तू ते घरी घिऊन आला. बठ्ठ्या दुनियेच्या घरी."
म्हटलं, अक्का, लोक वाखाणतायत. पुण्याचे लोक.
"त्याइले काय ठाव कमल कोन?"
बिबडे फाटत होते.

१० फेब्रु.
नदीवर दरवर्षी दर बाईचा नवरा पळतो. ठरलेलंच आहे ते. अक्काचा तर कमलमावशीनं वीस वेळा पळवला असेल, आणि आप्पा घरी बसून चहा पीत असतात. सगळ्या हसतात. दुसऱ्या दिवशी एकमेकींकडे सांजोऱ्या जातात.
फक्त दिवाळीनंतर मावशीचा नवरा खरंच गेला. सुरतेला, कुणाबरोबर तरी. आता तिच्या गावात ती दुकानात शिरली की पोरं फोनवर तुकडा लावतात.

२२ फेब्रु., धुळे
परिसंवाद. 'बोली आणि नवे सूर.' हारतुरे, दीपप्रज्वलन, सुरुवातीला माइक बंद. चष्मा प्रमुख वक्ता. प्रत्यक्षात चष्म्याशिवाय होता, ओळखलंच नाही. मला मिठी मारली, "तुम्ही मातीतून आला आहात." मी बसने आलो होतो.
सातवा ट्रॅक सभागृहात लावला. डोळे मिटून मान हलवत बसले सगळे, कीर्तनाला बसल्यासारखे. चहा वाटणारी म्हातारी मात्र ट्रे घेऊन थबकली. माझ्याजवळच होती.
"अय भो, हाई ते आखाजीनं भांडन शे! हाई घरमा कोन वाजाडस?"
तिला कुणी माइक दिला नाही. पाऊण तासात त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं एकमेव शहाणपणाचं वाक्य.
नंतर चष्म्याला बाजूला घेऊन सांगितलं, तो तुकडा काढा, त्या बाईला त्रास होतोय. ऐकून घेतलं. म्हणाला, "हाच तर कलेचा दाह." गाढवाला गुळाची चव काय.

१ मार्च
माझ्या टेपमधून सातवा काढला. पप्या भडकला, "तोच ते चाली ऱ्हायना ना भो, बाकीना कोन आयकस!" काढला तर काढला. संध्याकाळी चष्म्यानं तुकडा पुन्हा टाकला, "लोकसंस्कृतीच्या रक्षणासाठी". खाली माझं नाव, धन्यवादासकट.
कमलमावशीकडे गेलो. दार बंद. आतून भांड्यांचा आवाज येत होता, माझी हाक ऐकून तोही थांबला.

४ मार्च
महिनाभर चष्म्याला शिव्या घालतोय. त्या घालायला सोप्या आहेत. एक लिहायचं राहिलंय, ते लिहून टाकतो.
मला माहीत होतं. नोव्हेंबरात मिक्स करायला बसलो त्याच्या आदल्या रविवारी अक्का जेवताना म्हणाली होती, कमलचा नवरा आठ दिवस घरी नाही, तिला झोप नाही. आणि पप्यानं विचारलं, ही नवऱ्याची ओळ ठेवायची का? मी म्हटलं, ठेव. ह्याच ओळीवर ढोल टाक.
चष्म्याला कमल कोण ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय. साला, मी त्याच्यापेक्षा हलका निघालो.

५ एप्रिल
अक्काला सांगितलं, नोव्हेंबरचं. सगळं. ती डाळ निवडत होती, निवडत राहिली. ताट बाजूला सारून म्हणाली :
"मी यंदा नदीवर जात नाही."
तिनं एकही आखाजी चुकवलेली नाही. माझ्या जन्माच्या वर्षीही पोट सांभाळत गेली होती.
यूट्यूबवाल्याचा मेसेज : पुढची टेप कधी? मेसेज पुसून टाकला.

१९ एप्रिल, आखाजी
दुपारी बायका दारात आल्या, अक्का चल. नाही म्हणाली. मग स्वतःच उठली, नवी साडी नेसली. मला म्हणाली, "तूबी चाल. बाभयीमागं नको. मव्हरे उभा राह्य."
बायकांच्या घोळक्यापुढे मी एकटा पुरुष, भर उन्हात. नदीला घोटाभर पाणी. पल्याड त्यांच्या बायका. कमलमावशी आली होती. मध्ये नाही, कडेला. वाळलीय.
आमच्याकडून दरवर्षी अक्काच सुरू करते. सगळ्या थांबल्या. अक्का मावशीकडे बघत राहिली. पल्याडही चिडीचूप. असं कधी झालेलं नाही. कुणीतरी मागून ढोसलं, "बोल ना व." अक्का नाही बोलली.
मग मावशी पाण्यापर्यंत आली. अक्काकडे नाही, माझ्याकडे बघून ओरडली :
"ए गानंवाल्या! काढ फोन! आज माह्यं भी भरून घे!"
फोन घरी ठेवून गेलो होतो. दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे.
मावशी हसली की थुंकली, एवढ्या लांबून कळलं नाही. तिनं साडी खोचली आणि पाण्यात पाय टाकला. अक्काही उतरली.
पुढे काय बोलल्या ते मी ऐकलं. इथे लिहिणार नाही.