जळण एक, चुली दोन

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १९ मार्च १९५६

चि. दादूस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओळख पटावी म्हणून सांगते, मी येसूबाई, तुझ्या बापाची आई. घर मिरकरवाड्यातच आहे, समुद्रही जागेवर आहे. संक्रांतीचा तिळगूळ मागवलास आणि पोचल्याचं कळवायचं विसरलास, तेव्हा म्हटलं आम्हालाही विसरला असशील.

पत्र नेहमीप्रमाणे तुझी कमळाकाकू लिहिते आहे. मला अक्षर येत नाही ते बरंच आहे. तिच्याविषयीचं गाऱ्हाणं तिच्याच हातून लिहून घेता येतं.

गाऱ्हाणं असं, की तुझ्या बाळाकाकानं चूल वेगळी मांडली. त्याला होडीला इंजिन बसवायचंय, आणि तुझा बाप म्हणतो शीड आहे तोवर शीड. दोघे पडवीत पाठीला पाठ लावून जाळी शिवतात, बोलत नाहीत. चुलीचं मला एवढं वाटत नाही, अर्ध्या आळीत भाऊ वेगळे शिजवतात. पण चुली कितीही झाल्या तरी घराचा गणपती एक, ही आपली रीत. बाळा म्हणतो, यंदा तो आपला वेगळा आणणार. श्रावणात मूर्तिकाराकडे द्यायला फणसाचा नवा पाटसुद्धा करून घेतलाय. एका घरात दोन गणपती बसले तर मी कुणापुढे हात जोडू?

दोघे तुझं ऐकतात. पुढच्या गणपतीला येतो म्हणून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. ये.

तुझी वाट बघणारी,
आजी

---

॥ श्री ॥
रॉटरडॅम, ता. ११ एप्रिल १९५६

ती. आजीस दादूचा सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला, संपलाही. कान धरले.

मी राहतो त्या घरच्या मालकीणबाईंनी एक राजकीय पक्ष काढलाय. हसू नकोस. लढाईत त्यांचा नवरा गेला. आता त्या म्हणतात, युरोपातल्या देशांनी वेगळं राहणं पुरे, सगळ्यांची मिळून एक सभा हवी. पुढच्या खोलीत दहा-बारा माणसं जमतात. एक म्हातारे मास्तर, एक पाववाला, आणि सीमेपलीकडून एक जर्मन बाई येते, जिच्याशी शेजारीण अजून बोलत नाही. बाई प्रत्येकाला कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डबा मिटतात. सहा देशांनी कोळसा आणि पोलाद आधीच एका कारभाराखाली आणलंय, आता पुढचं पाऊल, असं मास्तर सांगतात.

जूनमध्ये निवडणूक आहे. मला मत नाही, पण सायकल आहे, म्हणून भिंतींवर कागद चिकटवायचं काम माझ्याकडे. तोवर तरी निघता येणार नाही. काकांना माझा नमस्कार सांग. रागावू नकोस.

तुझा,
दादू

---

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. ६ मे १९५६

चि. दादूस आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाही. कमळानं पत्र दोनदा वाचून दाखवलं, एकदा मला आणि एकदा तुझी आई मथुरा दाराआडून ऐकत होती तिला. एकेक बिस्कीट देऊन डबा मिटणारी बाई देश जोडणार म्हणते, तिचं धैर्य मोठं. पण तुला काय सांगू, बाबा? परक्याचं घर सांधायला सायकलवरून जातोस, आणि आपल्या घरी यायला तुला बोट मिळत नाही.

कोळशाचं मात्र मनात राहिलं. जळण एक झालं म्हणजे अर्धी चूल एक झालीच की. म्हणून यंदा पावसाळ्याची लाकडं मी एकत्रच घेतली आणि मधल्या खोपीत एकच रास रचून घेतली. दोघी सुनांनी तिथूनच काढायची. पहिले दिवस मथुरा निघून गेल्याशिवाय कमळा जात नसे. आता ओलं कुठलं नि सुकं कुठलं एवढं तरी बोलतात. हे लिहिताना कमळा हसते आहे, तेही लिही म्हटलं.

नवा पाट भिंतीला टेकून उभाच आहे. तू ये.

आजी

---

॥ श्री ॥
रॉटरडॅम, ता. २० जून १९५६

ती. आजीस सा. न. वि. वि.

आम्ही हरलो. एकही जागा नाही. मोजून संपायलाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी कुणी येणार नाही असं धरून मी वर पडून राहिलो होतो. खाली गेलो तर सगळे आलेले. शेजारीण जर्मन बाईला दूध हवं का विचारत होती. बाईंनी एकदा डबा फिरवला, आणि मग तो तसाच उघडा ठेवला. मला का कोण जाणे, आपली पडवी आठवली.

गणपतीला येणं जमत नाही, आजी. गोदामातली नोकरी आता सोडली तर परत मिळायची नाही. इथं एकीचे कागद दारोदार चिकटवले, पण काकांना दोन ओळी लिहायला बसलो की हात चालत नाही. आरतीतली माझी झांज कुणाला तरी दे.

दादू

---

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. २२ सप्टेंबर १९५६

चि. दादूस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गणपती झाला. एकच झाला.

श्रावणात पाट द्यायचा दिवस आला तर बाळाचा नवा पाट जागेवर नाही. घर पालथं घातलं. निघाला खोपीत, लाकडांच्या राशीखाली. कमळेला विचारलं तर म्हणाली, जळण सामाईक आहे, कुणी काय टाकलं मला काय ठाऊक. आत्ताही तिचा हात थांबलाय, पण मी पुढे सांगते आहे. बाळानं पाट पुसला, बायकोकडे बघितलं, आणि माळ्यावरचा घराचा जुना पाट काढून डोक्यावर घेतला. पाऊस होता. तुझा बाप छत्री घेऊन मागून गेला. जाता-येता दोघे इंजिनावरून भांडले म्हणे. किती महिन्यांनी भांडले!

चुली दोनच आहेत. नैवेद्याची ताटंही दोन आली, देवानं दोन्ही घेतली.

झांज कुणाला दिली नाही. आरतीला तुझ्या बापानं खुंटीवरून काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा टांगली. त्या रात्रीची आरती मला फार लांब वाटली. दारात कुणी चप्पल काढली की मान वळायची.

तुझ्या मालकीणबाईंना सांग, एकदा हरलं म्हणून डबा मिटू नका. आणि ती बिस्किटं आम्हालाही पाठव. दोन चुली म्हणून दोन डबे धाडशील, तसं करू नकोस. एकच धाड. आणि जमलं तर पोस्टानं नको, हातानं.

तुझी,
आजी