कुमुदआत्याचं नाव घेते

प्रिय कुमुदआत्या,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. आपण दोघी बोलणाऱ्या, तू होतीस तोवर लिहायची वेळच कुठे आली? पण आज न्यू टाउनला गाण्याच्या कंपनीत भांडून आले, आणि भांडण तुझ्यावरून होतं. मग दुसऱ्या कुणाला सांगू?

आपलं ‘बजबजचा धूर’ हे रॅप रेकॉर्ड होऊन बाहेर पडतंय. स्टेजवर मी नुसतं ‘हुगळीच्या काठावर’ म्हटलं की पुढचं पब्लिकच म्हणतं. मराठीचा गंध नसलेली बंगाली पोरं ‘टकळी’चं ‘टोकली, टोकली’ करून घसा फोडतात. पेपरवाले मला ‘बेहालाची तोफ’ म्हणतात. म्हणू देत. माझं तोंड बंद होत नाही म्हणून टकळी हे नाव तू ठेवलंस, त्याच नावावर मी आज मिरवतेय.

आणि ती ओळ? तीही तुझीच.

आठवतंय ते आपल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू? सुधाकाकू नुकत्याच बदलीवर आल्या होत्या, नवरा बजबजच्या तेल डेपोत साहेब. उखाणा घ्या म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. तू त्यांना स्वयंपाकघरात ओढून काहीतरी पुटपुटलीस, आणि बाहेर येऊन त्या म्हणाल्या,

हुगळीच्या काठावर बजबजचा धूर,
अशोकरावांच्या नोकरीपायी माहेर माझं दूर.

सुधाकाकूंनी डोळे पुसले. तू आत तिळगूळ भरत बसलीस.

मंडळातल्या निम्म्या नवऱ्यांची नावं तुझ्या शब्दांत घेतली गेली, आत्या. तुला मात्र कुणी म्हणालं नाही, कुमुद, तू घे. लग्नच केलं नाहीस, तर नाव कुणाचं घेणार? मी विचारलं तेव्हा म्हणालीस, “अगं, मला काय कमी आहे? सगळ्यांचे नवरे माझ्याच यमकात अडकलेत.” मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. एकदा तरी का नाही म्हणालीस, ही ओळ माझी आहे म्हणून?

पोळपाटावर बोटांनी ठेका धरून तू मला शिकवायचीस. यमक कुणालाही जमतं, नावाआधी थांबणं जमलं पाहिजे. ऐकणाऱ्याला जरा ताटकळू दे. आज लोक त्या थांबण्याला माझी स्टाइल म्हणतात!

तर, कंपनीतल्या मुलाने विचारलं, ही ओळ कुणाची लिहू? मी तुझं नाव सांगितलं. तो हादरलाच. “दीदी, रॅपरने ओळ दुसऱ्याची आहे म्हटलं की संपलं. लोक म्हणतील, हिला कुणीतरी लिहून देतं. आपण ‘पारंपरिक’ लिहू.”

पारंपरिक? जन्मभर बेहालाच्या शाळेत गणित शिकवणारी, मेट्रोच्या खोदकामाला रोज शिव्या घालणारी, माशाला नाक मुरडता मुरडता चापून खायला लागलेली माझी आत्या पारंपरिक?

मी म्हटलं, बाकीचं गाणं माझं आहे आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. ही ओळ कुमुदची आहे. तिचं नाव नाही, तर गाणंही नाही. विचार करून कळवतो म्हणाला. करू दे. माझा झालाय.

शनिवारी बेहालातच कार्यक्रम आहे. सुधाकाकूंचे गुडघे दुखतात, तरी पहिल्या रांगेत बसणार म्हणाल्या. कंपनी हो म्हणो की नाही, तुला शब्द देते. गाण्याआधी म्युझिक बंद करायला लावून मी आयुष्यातला पहिला उखाणा घेईन. तू शिकवलंस तशी नावाआधी थांबेन, आणि मग म्हणेन,

शब्द दिले साऱ्यांना, कधी धरला नाही माईक,
कुमुदआत्याचं नाव घेते, कोलकात्या, नीट ऐक.

जमलंय ना? नसलं तरी आता बदलणार नाही.

तुझीच,
टकळी