मोबाइलची पिशवी

प्रिय अनुजा,

तुझं पत्र पोचलं. नाटक पुन्हा उभं राहतंय आणि मुलीचं काम तूच करणार, हे ऐकून मंडळातली पोरं राजारामपुरीच्या हॉलमध्ये अक्षरशः नाचली. मी गुडघ्याचं निमित्त सांगून बसून राहिलो.

आपल्या तालमी आठवतात का गं? खडूनं आखलेल्या भिंती, पलंग म्हणून जोडलेली दोन बाकडी. रेषेवर पाय पडला की मी ओरडायचो, "भिंतीतनं कुठं चाललीस?" आत शिरलं की सगळ्यांचे मोबाइल माझ्या कापडी पिशवीत. आणि सलग तालीम सुरू झाली की आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. नियम माझेच. माझा मोबाइल मात्र कायम माझ्या खिशात.

बाप मरतो तिथलं रडणं तुला दोन महिने जमत नव्हतं. नाकात रडायचीस, मी चिडायचो. स्पर्धेला चार दिवस उरले आणि त्या रविवारी दुपारी जमलं. बाकड्यावर पडलेल्या अमरसिंहचे पाय धरून तू असा हंबरडा फोडलास की पेटीवरची सम्राटची बोटं थांबली. मी वहीत लिहिलं, ‘हेच ठेवायचं.’ पुढं सवयीनं वेळ टाकली, चार दहा.

त्याच दिवशी पेठ वडगावला घरी पोचलीस तेव्हा तुझे वडील, आण्णा, जाऊन वीस मिनिटं झाली होती. तू लिहितेस, ‘मोबाइल पिशवीत होता, कुणाला दोष देऊ? निदान त्या वेळी नकळत त्यांच्यासाठीच रडत होते, आणि ते रडणं तुम्ही शिकवलंत.’ हे वाचलं आणि जुनी वही शोधून काढली.

तुझा फोन लागेना म्हणून तुझ्या बाळासोकाकांनी मला फोन केला होता, पोरी. तीन चाळीसला. "आण्णा शुद्धीवर हायत, पोरीचं नाव घ्याय लागल्यात. लगीच धाडा की." मी म्हणालो, "निघालीच." आत आलो तर तिसरा अंक कधी नव्हे तो रंगला होता. आत्ता थांबवलं तर पुन्हा हाती लागायचं नाही, असं वाटलं. अंक संपल्यावरच तुला निरोप दिला आणि धाडलं. नंतर उशिराबद्दल बाळासोंनी रस्त्यावरच्या गर्दीला बोल लावला, तेव्हाही मी मान डोलावली.

वडगाव अर्ध्या तासावर. तेव्हाच धाडलं असतं, तर चार दहाला तू आण्णांच्या उशाशी असतीस. वहीतलं ते पान सोबत पाठवतोय. ते रडणं मी शिकवलेलं नाही, तुझा निरोप दाबून मिळवलेलं आहे, हे कळल्यावर नाटक करायचं की नाही ते तू ठरव.

‘तुझाच’ लिहायला हात धजत नाही,
नेमगोंडाकाका